पन्नासाच्या पुढे

अभिजीतनं मिठाईचा खोका तिच्या टेबलावर उघडून ठेवला आणि म्हणाला, "घे यशोधरा, तोंड गोड कर. आपल्या असिस्टंटनं चोर पकडला."

तिनं पेढा उचलला, ओठांपर्यंत नेला आणि परत खोक्याच्या झाकणावर ठेवला. चोर हा शब्द ऐकला की तिचं डोकं चालायला लागायचं. हे लहानपणापासूनचं. कोण होता, काय चोरलं, असं इतर लोक विचारतात. तिला आधी हे हवं असायचं, की म्हणतंय कोण.

"गोपीसेठ गं, जीन्सचा कारखाना आहे तो," अभिजीत खुर्ची उलटी करून बसत म्हणाला. "त्यानं फोनवर नुसतं विचारलं, गेल्या महिन्यात किती गठ्ठे बाहेर गेले आणि किती गठ्ठ्यांची बिलं झाली. असिस्टंटनं पन्नास बिलं काढली, त्यांतले गठ्ठे मोजले आणि फरक समोर ठेवला. ढीगभर मालाचं बिलच नाही! पॅकिंगला एक बाई होती, जुनी. गठ्ठे बांधून टेम्पोत चढवायचं काम तिचंच. शनिवारी काढून टाकली तिला. सेठ एवढा खूष, की हा खोका स्वतः घेऊन आला."

"किती बिलं म्हणालास?"

"पन्नास."

"पन्नासच? बरोब्बर?"

"हो. का?"

"काही नाही," ती म्हणाली.

कॅम्प नंबर तीनमध्ये लेस, बटणं आणि झिपा विकणाऱ्या एका दुकानाच्या वर त्यांचं ऑफिस होतं. अभिजीत मालक, बाकी सात-आठ माणसं. बिलं बनवायचं सॉफ्टवेअर करायचं आणि आसपासच्या दुकानदारांना, कारखानदारांना विकायचं. यशोधराचं काम लिहायचं. कुठलं बटण दाबलं की काय होतं याच्या पुस्तिका तिनं वर्षानुवर्षं लिहिल्या आणि त्या कुणीही वाचल्या नाहीत. लोक सरळ फोन करून विचारायचे. मग गेल्या वर्षी असिस्टंट आला, माणूस नव्हे, एआय. सेठ लोक फोनमध्ये बोलायचे, तो उत्तर द्यायचा. पण बिलं त्याला आपोआप दिसत नसत. त्यासाठी त्याच्या हाताशी निरनिराळी टूल्स, म्हणजे छोटे प्रोग्राम, दिलेली होती, आणि त्यातलं एक बिलांची यादी आणून देणारं. ते टूल काय करतं, कधी वापरायचं, त्याच्याकडून काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे असिस्टंटला समजेल अशा इंग्रजीत यशोधरानं लिहून द्यायचं. पहिल्यांदाच तिला असा वाचक मिळाला होता, जो प्रत्येक शब्द वाचतो आणि प्रत्येक शब्द खरा मानतो. सुरुवातीला तिला याचं फार सुख वाटलं. घरी नवऱ्याला तिनं सांगितलंसुद्धा, की आपण लिहिलेलं कुणीतरी इतक्या मनापासून ऐकतंय. मग हळूहळू त्या सुखाचीच भीती वाटायला लागली. माणूस निदान अडखळतो, डोकं खाजवतो, हे कसं काय म्हणून फोन करतो. हा कधीच विचारायचा नाही. जेवढं लिहिलं तेवढंच जग, असं धरून चालायचा.

आणि त्या टूलचा एक स्वभाव होता. ते एका वेळी पन्नासच बिलं द्यायचं. जास्त असली तर यादीच्या शेवटी एक खूण करायचं, पुढे आहे अशी. ती खूण दिसली की पुन्हा मागायचं, पुन्हा, खूण येईनाशी होईपर्यंत. हे तिनं लिहिलं होतं. लिहिलं होतं, याची तिला खात्री होती. खात्री होती म्हणूनच ते उघडून बघायला हात धजेना. समोर पेढ्यावर पिस्त्याचा काप चिकटून बसला होता. खाली दुकानात कुणीतरी जरीच्या गोट्याचा रीळ उलगडत होतं, चकतीचा घरघर आवाज लाकडी फळ्यांतून वर येत होता. खरंच महिन्याला पन्नासच बिलं झाली असतील. का नसतील? पन्नास हाही एक आकडा आहे, एकोणपन्नासच्या पुढचा. पण माणसांच्या धंद्यात असे गोल आकडे क्वचित येतात हे तिला ठाऊक होतं, आणि गोल आकडा दिसला की त्याच्यामागे कुणीतरी उभं असतं.

तिचे वडील बबनराव अंबरनाथला रंगाच्या कंपनीत होते. शाळा सुटल्यावर कधी ती गेटजवळ थांबायची. पाळी सुटायची, माणसं रांगेनं यायची आणि गेटवर एकेकाचे हात वर व्हायचे. वॉचमन काखेपासून पोटऱ्यांपर्यंत चाचपायचा. वडील हात वर करून त्याच्याशी हसत बोलायचे, पोरंबाळं बरी आहेत ना, वगैरे. तिला वाटायचं हा काहीतरी खेळ आहे. एकदा स्टोअरमधून नळाचा एक पितळी कॉक चोरीला गेला. त्या आठवड्यात स्टोअरच्या चौघांना, त्यांत वडीलही, संध्याकाळी थांबवून घेत होते आणि ती फाटकाबाहेर उभी राहून अंधार पडताना बघत होती. कॉक सापडला की नाही हे तिला कधीच कळलं नाही. पण त्यानंतर वडिलांनी शिंप्याकडे नेऊन आपल्या सगळ्या पँटींचे खिसे शिवून टाकले. लग्नाकार्यालासुद्धा त्याच पँटी. पैसे सदऱ्याच्या वरच्या खिशात, जिथून सगळ्या जगाला दिसतील. म्हातारपणी तिनं त्यांना नवी पँट घेतली तेव्हा त्या पँटच्या खिशात हात घालून ते बराच वेळ बसले, आणि मग हात बाहेर काढून म्हणाले, "नको गं, उगाच सवय लागायची."

तिनं टूलचं वर्णन उघडलं. एकच ओळ होती. ग्राहक आणि तारखेनुसार बिलांची यादी देतं. बस. पन्नासाचं काही नाही, खुणेचं काही नाही. ती ओळ तिची नव्हती, तिच्या वाक्याला असा तुटका हेल नसायचा. आपल्यामागे कुणीतरी आपल्या कपाटात हात घालून गेलं आहे असं तिला वाटलं आणि ती एकेकाकडे पाहू लागली. अभिजीत फोनवर कुणाला तरी हीच चोराची गोष्ट सांगत होता. कोपऱ्यात जिज्ञासा, टूल्सचा कोड लिहिणारी, कानात इअरफोनची बोंडं घालून बसली होती. पेढे तिनं दोन घेतले होते.

"जिज्ञासा, हे छोटं कुणी केलं?"

तिनं बोंडं काढली. "मीच. सर बोलले ना, सगळी वर्णनं आखूड कर, असिस्टंट वाचतो त्या प्रत्येक शब्दाचा खर्च येतो. मी तुम्हाला पाठवलं होतं, ताई. तुम्ही ओके दिलंत."

"मी?"

"हे बघा ना."

खरंच होतं. यशोधराच्या नावासमोर बरोबरची हिरवी खूण होती. तारीख बघितल्यावर तिला दिवस आठवला. सोनिवलीच्या नव्या फ्लॅटचा ताबा घ्यायला ते गेले होते. खिडकीच्या काचेला तडा होता आणि बिल्डरचा माणूस, तडा नाही, डाग आहे, असं म्हणत होता. नवरा त्याच्याशी वाद घालत होता आणि ती काचेवरून बोट फिरवत दुसऱ्या हातानं फोनवर येईल ते मान्य करत होती. त्या माणसाच्या शब्दावर तिनं तासभर विश्वास ठेवला नव्हता. या ओळीवर मात्र न वाचता ठेवला.

अभिजीतला तिनं बाहेर जिन्यात बोलावून सांगितलं. तो ऐकताना हातातल्या किल्ल्या वाजवत होता, मग वाजवायचा थांबला. "बरं," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता दुरुस्त करून टाक. पुढच्या महिन्यात त्याला आपोआप बरोबर आकडा दिसेल."

"आणि ती बाई?"

"अगं, आपल्याला काय माहिती, खरंच चोरी झाली नसेल कशावरून? त्यानं काय फक्त आपल्या आकड्यावर काढलं असेल? असेल काहीतरी आधीचं." त्यानं किल्ल्या खिशात टाकल्या. "गोपीसेठच्या ओळखीवर आपल्याकडे किती गिर्‍हाइकं आहेत माहितीये ना तुला? त्याला जाऊन काय सांगू, आमचं पोरगं पन्नासाच्या पुढे मोजत नाही?"

हे त्याला आधीच कळलं होतं का? खोका उघडतानाच? तिच्याकडे बघून 'का?' म्हणाला तेव्हा त्याच्या डोळ्यांत काही हललं होतं का? ती आठवत राहिली आणि जितकं आठवलं तितकं ते हलताना दिसू लागलं. तिनं वर्णन दुरुस्त केलं, पूर्ण लिहिलं, जिज्ञासाकडून चालू करून घेतलं. मग पर्स उचलली आणि डोकं दुखतंय असं सांगून निघाली. डोकं खरोखरच दुखत होतं, तरी पायऱ्या उतरताना आपण खोटं बोललो असं वाटत राहिलं.

गोपीसेठचा कारखाना दोन गल्ल्या सोडून होता. खाली शिलाई, वर पॅकिंग. आत पाऊल टाकलं की मशीनचा आवाज आधी पायांना लागायचा. कारागिरांची बोटं कच्च्या निळ्या रंगानं माखलेली, दाराच्या कडांवर निळे अंगठे, पाण्याच्या माठावरसुद्धा. गोपीसेठ साठीचा, बारीक अंगाचा, गल्ल्याऐवजी शिलाईच्या मशीनशेजारीच स्टूल टाकून बसणारा माणूस. तिला बघून तो उठला. "या मॅडम, या! मिठाई मिळाली ना? बोलो, चाय की ठंडा?"

"सेठ, असिस्टंटला परत एकदा विचारता का? तेच. पण म्हणा, सगळी बिलं, शेवटपर्यंत."

तो हसला, त्यानं फोन तोंडाजवळ धरून विचारलं. थोडा वेळ गेला. मग तोच आवाज आला, शनिवारीही असाच आला असेल, शांत, न अडखळणारा. गेल्या महिन्यात एकसष्ट बिलं झाली आहेत, गेलेले गठ्ठे आणि बिलातले गठ्ठे यांत दोन गठ्ठ्यांचा फरक आहे. आधीचं उत्तर चुकलं होतं याचा त्या आवाजात मागमूसही नव्हता. यशोधराला वाटलं, याला निदान घसा खाकरायला लिहून द्यायला हवं होतं.

गोपीसेठ स्टुलावर बसला. तिनं त्याला सगळं समजावून सांगितलं, टूल, पन्नास, गळालेली ओळ, स्वतःची हिरवी खूण. तो रागावेल असं तिला वाटलं होतं. तो म्हणाला, "वो रोई नहीं, मॅडम."

"काय?"

"चांगुणाबाई. मी बोललो तिला, बाई, एवढे गठ्ठे कमी आहेत, कंप्यूटर बोलतो. ती रडली नाही, काय बोलली पण नाही. पदर खोचला आणि गेली. रडली असती तर मी ठेवून घेतली असती, कसम से. मला वाटलं, सच्ची औरत होती तो रोती." त्यानं फोन पालथा ठेवला. "माझ्या बायकोच्या आजारपणात तिनं कारखाना सांभाळला. चावी तिच्याकडे असायची. आता मी कुठल्या तोंडानं जाऊ? तुम्ही जा ना. बोला सेठ माफी मागतो, सोमवारपासून ये."

"जाते."

ती दारापर्यंत गेली तेव्हा त्यानं मागून हाक मारली. मशीनच्या आवाजावर आवाज चढवून नाही, जवळ येऊन, हळू. "मॅडम, वो दो गठ्ठे. दोन का मैं बोलता भी नहीं. इतनी साल में कभी गिना नहीं मैंने. पण आता आकडा कळला ना, तर झोप नाही लागणार. प्यार से पूछ लेना, बस."

"मी विचारणार नाही, सेठ."

"ठीक है, मत पूछो," तो म्हणाला आणि दाराच्या कडेवरचा एक निळा अंगठा नखानं खरवडू लागला.

शेअर रिक्षात तिच्या दोन्ही बाजूंना माणसं होती आणि मांडीवर पर्स. हिराघाट मागे पडला, अंबरनाथकडचा रस्ता लागला. आपण एक चांगली बातमी घेऊन चाललो आहोत असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. पण दोन गठ्ठे तिच्या डोक्यात येऊन बसले होते. ढीगभर गठ्ठे होते तेव्हा तिला एकदाही संशय आला नव्हता, कारण ते खोटे होते हे तिला वासानंच कळलं होतं. हे दोन मात्र खरे होते. टेम्पोवाल्यानं उतरवले असतील. मोजण्यात चूक झाली असेल. एखादा व्यापारी नमुना म्हणून घेऊन गेला असेल. धुलाईला गेलेल्यांपैकी असतील. तिनं चार कारणं शोधली, आणि चारही शोधून झाल्यावर पाचवं तसंच बसून होतं. समजा घेतले असतील. तर काय? इतक्या वर्षांत दोन गठ्ठे! सेठनं तिच्याकडून काय काय घेतलं त्याचं बिल कुणी केलंय? हा विचार तिला पटला आणि पटल्याबरोबर त्याची शिसारी आली, कारण त्यात तिनं चांगुणाबाईला चोर धरूनच माफ केलं होतं. शेजारची बाई उतरताना तिच्या पर्सला धक्का लागला. यशोधरानं नकळत पर्स छातीशी घेतली. बाईनं ते पाहिलं आणि पैसे देऊन निघून गेली.

बुवापाड्यात चांगुणाबाईचं घर शोधायला फार विचारावं लागलं नाही. चांगुणाबाई पन्नाशीची, उंच, हाडापेरानं मोठी बाई होती. दाराशी बसून लसूण सोलत होती. यशोधरानं कारखान्याचं नाव घेतलं तशी ती उठून उभी राहिली.

"काय राहिलंय आता अजून, मॅडम?"

"तसं नाही. चांगलं सांगायला आलेय. आत येऊ?"

एक खोली आणि मागं मोरी. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, यशोधराच्या वडिलांच्या घरी होती तशीच, तशाच उंचीवर. यशोधरा आत शिरताना सवयीनं तिथं नजर लावून क्षणभर थांबली. ते चांगुणाबाईनं पाहिलं.

"कुठल्या तुम्ही?"

"इथल्याच. अंबरनाथच्या. बबनरावांची मुलगी, रंगाच्या कंपनीत होते ते."

"बबनदादा? खिसे शिवलेले?" चांगुणाबाईचं तोंड एकदम उजळलं. "अगं, माझ्या लग्नात वाढायला होते ते. आमच्यातलीच की गं तू! बस, अशी पलंगावर बस. बाहेरून आलीस, पाणी देते."

तिनं तांब्या-भांडं दिलं, पंखा वाढवला. यशोधरानं सांगितलं. या वेळी टूल वगैरे काही नाही, साधंच सांगितलं, की मशीनला पन्नासाच्या पुढची बिलं वाचायला सांगायचं राहिलं होतं, त्यात माझीही चूक आहे, तुमचा काही दोष नाही, सेठ माफी मागतायत, सोमवारपासून या म्हणतायत. चांगुणाबाई लसणाची पाकळी हातात धरून ऐकत होती. ऐकता ऐकता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुसण्याचं तिच्या ध्यानातच नव्हतं.

"म्हणजे समदं जुळलं?"

"जुळलं."

"समदं?"

यशोधरा हो म्हणणार होती. एकच अक्षर होतं, तोंडात आलेलंही होतं. पण आयुष्यात पहिल्यांदा आपण पूर्ण सांगायचं ठरवलं आहे, अर्धी ओळ गाळून काय झालं ते पाहिलंय, असं काहीसं तिच्या मनात आलं. निदान पुढे ती स्वतःला असंच सांगत राहिली. त्या वेळी मात्र फक्त तिचा आवाज आला, हलका, काळजी घेतल्यासारखा: "फक्त दोन गठ्ठ्यांचा फरक आहे. ते कुठे गेले असतील, तुम्हाला काही आठवतं का?"

ते दोन गठ्ठे पुढच्या आठवड्यात धुलाईवाल्याकडे सापडले. त्याच्या शेडमध्ये दुसऱ्याच्या मालाखाली पडून होते, त्यानंच फोन करून सांगितलं. गोपीसेठ मग स्वतः बुवापाड्यात गेला, दोनदा गेला. चांगुणाबाई परत आली नाही. बदलापूरला कुळगावात एका पापडवालीकडे तिनं काम धरलं. पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी खोलीत ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

चांगुणाबाईनं लसणाची पाकळी ताटलीत ठेवली. पदरानं डोळे पुसले, दोन्ही, नीट. मग उठून तिनं कपाटाचं दार सताड उघडलं. साड्यांची चवड काढून जमिनीवर ठेवली, त्यामागचा पत्र्याचा डबा काढला, त्याचं झाकण उघडून तो यशोधराच्या पुढ्यात सरकवला. मांडणीवरची पातेली एकेक करून उलटी केली. कुठेही आदळआपट नव्हती. घर आवरायला काढल्यासारखं ती शांतपणे करत होती.

"नको, ताई. अहो, ताई, असं काय करता? मी तसं म्हणाले नाही. थांबा ना," यशोधरा म्हणत होती. तिनं उठून चांगुणाबाईचा हात धरला. तो हात जड होता, त्यानं झिडकारलं नाही, फक्त पलंगावरची वाकळ ओढून काढायचं आपलं काम चालू ठेवलं. वाकळ निघाली तशी पलंगाखालची जागा उघडी पडली. तिथं अंधार होता, एक पिशवी होती, मागे काहीतरी चौकोनी, दोरीनं बांधलेलं. नको, नको, असं तोंडानं चाललेलं असतानाच यशोधराची मान खाली झुकली आणि तिचे डोळे त्या चौकोनावर जाऊन थांबले. जुन्या वह्या होत्या, रद्दीला काढलेल्या.

तिनं मान वर केली तेव्हा चांगुणाबाई तिच्याकडेच बघत उभी होती.

"दिसलं का काही," ती म्हणाली, "मॅडम?"